मूळची झिलई आणि मूळचे आंकडे

सन १८७३ मध्यें अमेरिकेच्या सैन्यानें स्वीकारलेलें कोल्टचें सहाबारी रिव्हॉल्व्हर दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत हार्टफर्ड येथील कारखान्यांत तयार होत होतें. या काळांत साडेतीन लक्षांहून अधिक नग बाहेर पडले. आज संग्राहक त्यांना मोठी किंमत देतात, आणि जेथें किंमत तेथें लबाडी येतेच. १८७६ सालीं लिटल बिगहॉर्न येथें कस्टरची सातवी घोडदळ पलटण ज्या हत्यारांनिशीं लढली, त्या काळच्या नगांवर तर बनावट छापांचें जणूं पीकच आलें आहे.

पहिली साक्ष आंकड्यांची. कारखान्याचा अनुक्रमांक सांगाड्याच्या खालीं, चापाच्या कड्यावर व मुठीच्या पाठपट्टीवर ठोकीत. आरंभींच्या नगांवर तो नळीवर व चक्रावरहि आढळतो. हे आंकडे जुळले कीं घेणाराचें मन निर्धास्त होतें. परंतु ते जुळले नाहींत म्हणजे फसवणूकच झाली, असें नव्हे. गेल्या शतकापूर्वीच्या अखेरच्या दशकांत सैन्यानें आपल्या जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या साडेसात इंची नळ्या कापून साडेपांच इंचांच्या करविल्या. त्या कामांत अनेकांचे सुटे भाग एकमेकांत मिसळले. अशा नगांत आंकड्यांचा मेळ नसणें हाच बहुधा त्यांचा खरा इतिहास असतो.

घडणीचेंहि तसेंच. चक्राचा आंस धरणारा स्क्रू जुन्या सांगाड्यांत पुढून तिरपा बसे. पुढें त्याच्या जागीं स्प्रिंगवर चालणारी आडवी कळ आली. रिकामीं काडतुसें ढकलणाऱ्या दांडीचें टोक प्रथम वाटोळें होतें, मागाहून तें चंद्रकोरीसारखें झालें. पेटंटच्या तारखांत १८७५ सालची तारीख असेल, तर तो सांगाडा १८७३ चा असूं शकत नाहीं, मग विकणारा कांहींहि सांगो.

सर्वांत नाजूक साक्ष झिलईची. सांगाडा हाडांच्या कोळशांत तापवून एकदम थंड करीत; त्यामुळें पोलादावर निळे, तपकिरी, करडे असे ढगाळ रंग उमटत. हे रंग हाताळण्यानें व उजेडानें विरतात आणि प्रथम कडांवरून जातात. झीज जेथें हात लागतो तेथें अधिक व खांचांत कमी, हा मूळ पृष्ठाचा स्वभाव. पुन्हा घासून चकाकविलेल्या नगांत अक्षरांच्या कडा गोलावतात, स्क्रूंच्या भोंकांभोंवतीं उथळ खळगे पडतात, आणि सरळ कडा बोथट होतात. उलट, लांकडी मूठ झिजलेली, पण तीवरील तपासनिसाच्या आद्याक्षरांची धार कोरी करकरीत असेल, तर तो छाप मुठीहून तरुण आहे असें समजावें. ऑरव्हिल एन्सवर्थ या तपासनिसाचीं आद्याक्षरें याच कारणास्तव वारंवार बनावट केलीं जातात.

दुःखाची गोष्ट ही कीं, बहुतेक नगांची हानि लबाडांनीं केलेली नसून हौशी मालकांनीं केली आहे. आजोबांचें हत्यार गंजलेलें दिसलें म्हणून नातू तें पॉलिशवाल्याकडे देतो. परत येतें तें चमकदार, पण त्यावरील सर्व पुरावा पुसलेला. कोल्टच्या दप्तरांतून शुल्क देऊन मिळणारें पत्र नळीची मूळ लांबी, मूळ झिलई व पाठवणीची तारीख सांगतें. घासून गेलेलें पोलाद मात्र तें परत देऊं शकत नाहीं.