गाणे उतरवून घेताना काय गळते?

वेल्ह्याच्या खोऱ्यात डोंगराआड मोबाइलचा संकेत क्षीण झाला, की इंटरनेटवरून गाणे उतरवून घेण्यास फार वेळ लागतो. हा वेळ कशावर ठरतो?

आपण विकत घेतो ते गाणे म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ असते. सीडीच्या पद्धतीत ध्वनिलहरीचे मोजमाप सेकंदाला 44,100 वेळा, डाव्या व उजव्या बाजूसाठी वेगवेगळे, प्रत्येकी 16 बिटांत करतात. म्हणजे सेकंदाला 14,11,200 बिट! चार मिनिटांचे गाणे सुमारे 42 मेगाबाइटचे होते. सेकंदाला 10 लाख बिट मिळत असतील तर ते साडेपाच मिनिटांत उतरेल. 128 किलोबिटांच्या एमपी-3 स्वरूपात मात्र त्याला अर्धा मिनिट पुरतो.

ही काटकसर कशी साधते? मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळच्या कंप्रतेचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही. असे अंश गाळतात किंवा ढोबळपणे नोंदवतात. एकदा गाळलेले मात्र परत मिळत नाही.

ऐकण्यापुरते हे ठीक, जतनासाठी नव्हे. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांतील अनेक 2017 पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर विनामूल्य ऐकता येतात. भोर-वेल्ह्यातील विद्यार्थी आपल्या आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करणार असतील, तर शिक्षकांना आम्ही एवढेच सुचवू: मूळ मुद्रण न आकसलेल्या वेव्ह स्वरूपात जपा. एमपी-3 प्रत वाटण्यासाठी नंतर केव्हाही काढता येते. उलट दिशेने वाट नाही.