मालवणच्या वाळूतील डांबरगोळे आणि उपग्रहाचा नकाशा

पावसाळ्याच्या तोंडावर मालवणच्या किनाऱ्यावर येणारे डांबरगोळे म्हणजे समुद्रात सांडलेल्या खनिज तेलाचे, ऊन-लाटांनी घट्ट झालेले अवशेष होत. त्या तेलाचा माग ‘कोपर्निकस ब्राउझर’ या युरोपीय संकेतस्थळावरील नकाशावर कोणालाही विनामूल्य घेता येतो.

त्यातील सेंटिनेल-१ उपग्रहाचे रडार ढगांतून आणि रात्रीही पाहते, आणि तेलाचा तवंग पाण्यावरील बारीक तरंग दाबून टाकत असल्यामुळे तो भाग चित्रात काळा उमटतो. मात्र वारा पडलेला समुद्रही तसाच काळा दिसतो, म्हणून त्या वेळच्या वाऱ्याची नोंद पाहिल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

१९८७ मध्ये घोषित झालेले, प्रवाळांचा अधिवास असलेले मालवण सागरी अभयारण्य याच किनाऱ्यावर असल्याने स्थानिकांनी हे तंत्र शिकून घेणे अत्यंत अगत्याचे आहे.