फ्रीज थंड होत नाही? आधी पंखा पाहा



ग्वाल्हेरचे मे-जून आपल्या चांगल्याच परिचयाचे आहेत. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी लू चालते आणि नेमक्या त्याच दिवसांत घरातला फ्रीज रुसतो. वर बर्फ जमतो, पण खाली ठेवलेले दूध नासते. लगेच कुणीतरी म्हणते, "गॅस संपला असेल." घाबरून आपण मोठ्या खर्चाला तयार होतो. तसे करण्यापूर्वी थोडा विचार करावा, एवढ्यासाठी हा लेख.

फ्रीजमधला गॅस पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो आणि कुठे गळती झाली तरच कमी होतो. पण गॅस कमी झाला तर फ्रीजरही नीट गोठत नाही. फ्रीजर गार आणि खालचा कप्पा गरम असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा.

१९५८ साली मुंबईच्या गोदरेजने आपल्या देशात फ्रीज बनवायला सुरुवात केली. आजही एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये आत पंखा नसतो. थंड हवा जड असल्याने आपोआप खाली उतरते. दोन दारांच्या 'फ्रॉस्ट फ्री' फ्रीजमध्ये मात्र थंड होणाऱ्या नळ्या फ्रीजरच्या मागच्या पडद्याआड असतात. तिथली थंड हवा एक छोटा पंखा खालच्या कप्प्यात ढकलतो. त्याची मोटर थांबली की थंडावा वरच अडकतो.

तपासणी क्रमाने करावी.

१. पुष्कळ मॉडेलांत दार उघडताच पंखा थांबतो. म्हणून कॉम्प्रेसर चालू असताना दाराच्या चौकटीतले बटण बोटाने दाबून ऐका. हवेचा आवाज आला तर पंखा ठीक आहे. काही फ्रीजमध्ये पंखा काही मिनिटे उशिरा सुरू होतो, तेव्हा घाई करू नका.

२. खरखर आवाज येत असेल तर पाती बर्फाला घासत असतील. फ्रीज रिकामा करून प्लग काढा, दारे उघडी ठेवा आणि बर्फ आपोआप वितळू द्या. सुरीने बर्फ खरवडू नका. नळीला भोक पडले तर गॅस खरोखरच जाईल, आणि नव्या फ्रीजमधला आर-६०० ए हा गॅस ज्वलनशील असतो. काही दिवसांत पुन्हा तसाच बर्फ साचला, तर दोष मोटरचा नसून बर्फ वितळवणाऱ्या हीटरचा किंवा सेन्सरचा असतो.

३. बर्फ नसेल तर प्लग काढलेला असतानाच मागचा पडदा उघडून पाते बोटाने फिरवा. ते जड फिरले तर मोटर गेली. हलके फिरूनही पंखा चालत नसेल, तर जुन्या २३० व्होल्टच्या मोटरची तार मल्टीमीटरने तपासता येते. मीटरने मार्ग तुटलेला दाखवला तर आतले वेटोळे जळाले आहे. इन्व्हर्टर फ्रीजची मोटर कमी व्होल्टच्या डीसी प्रवाहावर चालते. तिची आणि सर्किट बोर्डाची तपासणी मिस्त्रीवर सोडावी.

मोटर बदलताना जुनी मोटर आणि फ्रीजचा मॉडेल नंबर घेऊन बाजारात जावे. व्होल्ट, वॅट, फिरण्याची दिशा आणि दांड्याची लांबी जुळली पाहिजे. तारा काढण्यापूर्वी मोबाईलने फोटो काढा. पाते त्याच तोंडाने बसवा, नाहीतर हवेचा झोत कमी होईल. रबरी वॉशर विसरू नका, त्यांनीच आवाज कमी होतो. तारा नुसत्या पिळून टेप लावू नये, तिथे ओल असते. जोडणी कनेक्टरनेच करावी.

त्यानंतर खालच्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवून त्यात थर्मामीटर ठेवा. एका दिवसात पारा ५ अंशांच्या आसपास किंवा खाली आला, तर काम झाले. या काळात दूध आणि शिजवलेले अन्न चार तासांहून अधिक गरम राहिले असेल तर ते टाकून द्यावे. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी विशेष जपावे. न उघडलेली इन्सुलिन २ ते ८ अंशांतच ठेवायची असते, म्हणून तिची सोय शेजारच्या फ्रीजमध्ये आधीच करावी.

विद्यार्थी मित्रांनो, विजेच्या वस्तूला एकट्याने हात लावू नका. घरातली मोठी माणसे सोबत हवीत आणि प्लग काढलेला हवा. पण ऐकणे, पाहणे आणि कारण शोधणे तुम्हीही करू शकता. विद्युतप्रवाहाचा चुंबकीय परिणाम तुम्ही पुस्तकात वाचता; तोच या मुठीएवढ्या मोटरला फिरवतो. पालकांनाही एवढीच विनंती की मिस्त्री आल्यावर "गॅस भरा" असे न सांगता "वर गार आहे, खाली नाही, पंख्याचा आवाज येत नाही" असे सांगावे. लक्षण बरोबर सांगितले की उपायही बरोबर होतो, आणि कष्टाचा पैसा वाचतो.