नोंद एकाकडे, खात्री कोणाकडे?

गेल्या आठवड्यात आपण पासवर्ड आणि अधिकारांच्या यादीबद्दल बोललो: संस्थेच्या संगणकात कोणी काय पाहावं आणि कोणी काय बदलावं. आजचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. एखादी नोंद खरी आहे असं सांगण्याचा हक्क कोणाचा, आणि तसं विचारून घेण्याचं काम कोणाचं? यावर जाडजूड पुस्तकं आहेत. आपण आधी डोंबिवलीला जाऊ.

२०२२ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण गाजलं. या इमारतींना पालिकेने बांधकाम परवानगी दिलेलीच नव्हती. पालिकेच्या नावाने बनावट परवानगीपत्रं तयार झाली, ती महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, ऑनलाइन सादर झाली आणि प्रकल्पांना नोंदणी क्रमांक मिळाले. त्या क्रमांकाच्या भरवशावर लोकांनी घरं घेतली, बँकांनी कर्जं दिली. एका वास्तुविशारदाने माहितीच्या अधिकारात कागद मिळवले, पडताळले आणि उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. गुन्हे दाखल झाले, विशेष तपास पथक नेमलं गेलं. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. हप्ते भरणाऱ्या हजारो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली.

बनवाबनवी करणाऱ्यांचा हिशेब पोलीस आणि न्यायालय करतील. माहिती व्यवस्थापनाच्या अंगाने पाहिलं तर मला यात जास्त बोचतं ते वेगळंच. हे घडलं ती महापालिका संगणकाला नवखी नव्हती. या शतकाच्या सुरुवातीला ई-गव्हर्नन्स म्हटलं की महाराष्ट्रात पहिलं नाव निघायचं ते कल्याण-डोंबिवलीचं. नागरी सुविधा केंद्र, एकाच खिडकीवर कर आणि दाखले, खात्यांचं एकमेकांशी जोडलेलं काम हे सगळं तिथे तेव्हा सुरू झालं. एबीएम नॉलेजवेअर या कंपनीच्या साहाय्याने उभी राहिलेली ती व्यवस्था पाहायला इतर पालिकांचे अधिकारी येत, आणि पुढे राज्य सरकारने इतर नागरी संस्थांसाठी तोच नमुना उचलला. महारेराचंही तसंच. १ मे २०१७ पासून नोंदणीचं काम ऑनलाइन, कागदी फायलींचा त्रास नाही, म्हणून कौतुक झालं होतं. म्हणजे दोन्ही टोकांना संगणक होते. मधल्या वाटेवर मात्र परवानगीपत्राची प्रत ज्याला तिचा फायदा व्हायचा त्याच्याच हातून जात होती. गुणपत्रिका विद्यार्थ्यानेच आणून द्यावी आणि महाविद्यालयाने बोर्डाला कधी विचारूच नये, तसं.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ४ नुसार विकासकाने बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची, म्हणजे बोलीभाषेतल्या सीसीची, प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र द्यायचं. कलम ५ नुसार प्राधिकरणाने ३० दिवसांत निर्णय घ्यायचा. नाही घेतला तर प्रकल्प नोंदलेलाच मानायचा. दिरंगाईला लगाम म्हणून ही तरतूद चांगली. पण घड्याळ तपासणाऱ्याच्या डोक्यावर टिकटिकतं आणि खात्रीचं ओझं अर्जदाराच्या शपथेवर पडतं. नगररचना विभागाकडे खरी नोंद होती. खऱ्या परवानगीला जावक क्रमांक असतो, दप्तरात फाईल असते. तो क्रमांक मागून घेऊन दप्तराशी जुळतो का हे पाहणं दोन मिनिटांचं काम. ते पालिकेच्या कोणाच्याही कामात नव्हतं, कारण पालिकेला कोणी विचारत नव्हतं. महारेरालाही ती आपली जबाबदारी वाटली नाही, कारण कागद आणि शपथ दोन्ही समोर होती.

आता त्या पुस्तकांकडे वळू. आयएसओ ३८५०० हे संस्थेतल्या माहिती तंत्रज्ञानाच्या कारभाराबद्दलचं आंतरराष्ट्रीय मानक २००८ मध्ये आलं, एका ऑस्ट्रेलियन मानकाच्या पायावर. त्याचा गाभा छोटा आहे. यंत्रणा चालवणं हे एक काम आणि त्या यंत्रणेबद्दल निर्णय घेणं, दिशा देणं, लक्ष ठेवणं हे दुसरं. पहिलं संगणक विभागाचं, दुसरं वरच्या खुर्चीतल्या माणसांचं. आपल्याकडे दुसरं कामही संगणक विभागाच्या गळ्यात टाकून साहेब मोकळे होतात. सर्व्हर चालू आहे का, हे संगणक विभाग सांगेल. कोणत्या नोंदीचा धनी कोण, तिची खात्री कोणी केल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे तो ठरवू शकत नाही आणि त्याने ठरवूही नये. (निविदेत मात्र सर्व्हरची क्षमता दशांश चिन्हापर्यंत लिहिलेली असते.)

धनी ठरवणं किती अवघड होतं याचा दाखलाही इथलाच. कल्याण-डोंबिवलीतली २७ गावं १९८३ मध्ये पालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. मधल्या काळात कारभार ग्रामपंचायतींचा, नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं (एमएमआरडीए). अशा ठिकाणी एखाद्या इमारतीची परवानगी कोणाच्या दप्तरात शोधायची, याचं उत्तर साल पाहून द्यावं लागतं. हद्द बदलणारा आदेश एका दिवसात निघतो. त्याच्यामागे किती रजिस्टरं कोणाच्या ताब्यात गेली, त्यांची जुळणी कोणी केली, हे आदेशात नसतं. नवं ॲप आणणं त्यामानाने सोपं. ठाणे महापालिकेने २०१८ मध्ये तेल अवीवच्या धर्तीवर डीजी ठाणे आणलं, त्याची चर्चा झाली. दप्तरं जुळवण्याच्या कामाचं उद्घाटन मात्र कोणी करत नाही.

६५ इमारतींच्या प्रकरणानंतर २०२३ मध्ये दुरुस्तीचं पाऊल पडलं. परवानग्यांची माहिती नियोजन प्राधिकरणांनी आपल्या संकेतस्थळावर टाकावी, ती महारेराच्या यंत्रणेशी जोडावी आणि प्रमाणपत्र खरं असल्याची खात्री थेट पालिकेकडून व्हावी, असं ठरलं. दिशा बरोबर आहे. पण जोडणीनेही सगळं सुटत नाही. पालिकेच्या बाजूने ती नोंद कोण भरतो, चुकली तर कोण दुरुस्त करतो, दुरुस्तीची खूण मागे राहते का, आणि त्या अधिकाऱ्याची बदली झाल्यावर त्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद होतं का, हे प्रत्येक ठिकाणी लिहून ठेवावं लागेल.

हे फक्त सरकारी कचेऱ्यांचं दुखणं नाही. डोंबिवली एमआयडीसीतला एखादा कारखाना किंवा वागळे इस्टेटमधली छोटी कंपनी घ्या. पुरवठादाराच्या नावाने ईमेल येतो: आमचं बँक खातं बदललं, यापुढचे पैसे इथे पाठवा. सोबत लेटरहेड, शिक्का, रद्द केलेला चेक. हिशेबनीस खातं बदलतो आणि पैसे भलत्याच्याच खात्यात जातात. इथेही कागद देणाऱ्याकडूनच कागदाची खात्री घेतली गेली. उपाय फुकटातला आहे: आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर, ईमेलमधल्या नव्हे, फोन करायचा, आणि खातं बदलणारा व पैसे सोडणारा ही दोन वेगळी माणसं ठेवायची. दुसऱ्या माणसाच्या मंजुरीशिवाय बदल लागूच होणार नाही, अशी सोय हिशेबाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. ती चालू करायची की नाही, हा निर्णय मालकाचा.

पुढच्या आठवड्यात बदलीच्या दिवशी चालूच राहिलेल्या लॉगिनबद्दल.