उतारावरचा बाजार

इस्तंबूलला मित्रमंडळींसोबत निघालेल्यांचा बेत बहुतेक वेळा असा ठरतो: दोन दिवस प्रेक्षणीय स्थळे, मग एक दिवस फक्त खरेदी. इस्तंबूलच्या बाबतीत ही वाटणी फारशी उपयोगाची नाही, कारण तिथल्या जुन्या शहरात देऊळ-मशीद आणि बाजार यांचा हिशेब पहिल्यापासून एकच आहे. सुलतान दुसरा मेहमेद याने 1453 मध्ये शहर घेतले, 537 मध्ये उभे राहिलेले आया सोफियाचे चर्च मशीद केले आणि दोन-तीन वर्षांतच जवळच्या टेकडीवर दगडी, कुलूपबंद असा बाजार बांधायला घेतला. त्या गाळ्यांचे भाडे आया सोफियाच्या देखभालीला लावून दिले होते. पुढे 1660 च्या दशकात खाली बंदराशी ‘नवी मशीद’ पुरी झाली, तेव्हा तिच्या खर्चाची सोय म्हणून शेजारीच मसाल्याचा बाजार उभा राहिला. म्हणून स्थळे आणि खरेदी एकाच दिवसात, एकाच वाटेवर बसवलेली बरी.

ही वाट उताराची आहे. टेकडीच्या माथ्यावर ग्रँड बाजार, पायथ्याशी गोल्डन हॉर्नच्या खाडीकाठी एमिनोनूचा धक्का आणि मसाल्याचा बाजार. जहाजातला माल धक्क्यावर उतरायचा आणि वर चढायचा. मधल्या उतारावर व्यापाऱ्यांच्या सराया म्हणजे ‘हान’ होत्या, चौकाभोवती कोठारे आणि खोल्या असलेल्या. त्यातल्या कित्येक अजून उभ्या आहेत आणि त्यांत घाऊक धंदा चालतो. यातून एक साधा नियम निघतो. माथ्यावर पर्यटक आणि झगमगाट, मध्ये स्थानिक गिऱ्हाईक, खाली घाऊक आणि किराणा. तोच माल जसजसे उतरावे तसतसा साध्या वेष्टनात आणि कमी भावात दिसू लागतो. तेव्हा सकाळी वर सुरुवात करायची, फक्त बघायचे आणि भाव विचारायचे. पाकीट उघडायचे ते उतरताना. हातात पिशव्या घेऊन चढ चढावा लागत नाही, हा फायदा वेगळाच.

आधी वार पाहून घ्या. ग्रँड बाजार रविवारी बंद, तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद. शुक्रवारी दुपारच्या मोठ्या नमाजामुळे आया सोफिया आणि निळी मशीद पाहुण्यांना अर्धा दिवस मिळत नाहीत. राहिले सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार. त्यात मला बुधवार आवडतो, कारण फातिह भागात त्या दिवशी मोठा आठवडी बाजार भरतो: भाजी, चीज, ऑलिव्ह, मोजे, पडद्याची कापडे. तिथे स्मृतिचिन्हे विकणारे जवळजवळ नसतात.

सकाळी टी-1 ट्रामने सुलतानअहमत थांब्यावर उतरायचे. वाहतुकीचे इस्तंबूलकार्ड एकच घेऊन त्यावर एकापाठोपाठ अनेकांना जाता येते, त्यामुळे मंडळींत ते एकाच्या खिशात असले तरी भागते. आया सोफिया 2020 पासून पुन्हा मशीद आहे. परदेशी पाहुण्यांना जानेवारी 2024 पासून तिकीट काढून वरच्या सज्जात जाता येते. बायकांनी डोके झाकायला ओढणी जवळ ठेवावी. समोरचे भूमिगत पाण्याचे टाके, 336 खांबांचे, उन्हाच्या वेळेला राखून ठेवायला हरकत नाही. निळ्या मशिदीच्या मागे ‘आरास्ता’ नावाची दुकानांची एक शांत रांग आहे. गालिचा प्रथम तिथे बघावा, कारण ग्रँड बाजारापेक्षा इथे गर्दी कमी आणि नीट दाखवायला दुकानदाराला सवड असते.

गालिचा आवडला की उलटा करा. हाताने विणलेल्या गालिच्याच्या पाठीवर प्रत्येक गाठ वेगळी दिसते, नक्षी पुढच्याइतकीच स्वच्छ उमटते आणि रांगा किंचित वाकड्यातिकड्या असतात. कडेच्या झालरीकडे बघा: ती ताण्याच्या धाग्यांचीच टोके असली पाहिजेत, नंतर शिवून लावलेली नव्हे. यंत्राच्या गालिच्याची पाठ इतकी एकसारखी असते की तीच चुगली करते. गाठी नसलेला, सपाट विणीचा तो किलीम. स्वस्त, हलका, घडी घालून बॅगेत मावणारा. माझे मत विचाराल तर विमानाने परतणाऱ्याने किलीमच घ्यावा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणून कोणी काही विकू लागला तर हात आखडता घ्या. ती खरी असेल तर परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि खोटी असेल तर प्रश्नच मिटला.

पुढे नुरुओस्मानिये दरवाजातून ग्रँड बाजारात शिरायचे. साठाच्या आसपास गल्ल्या आणि चार हजारांच्या घरात दुकाने, पण रचना समजली की गोंधळ होत नाही. नुरुओस्मानियेपासून बेयाझित दरवाजापर्यंत जाणारा कल्पाकचिलार हा हमरस्ता सोनारांचा. मधोमध जुनी घुमटी इमारत आहे, बेदेस्तेन. बाजाराचे मूळ तेच. एकेकाळी मौल्यवान माल तिथे कुलपात असे, आज जुनी चांदी, घड्याळे आणि नाणी मिळतात. बाकी गल्ल्या धंद्याधंद्याने वाटलेल्या: चामडे एकीकडे, कापड एकीकडे. मंडळी पांगणार हे गृहीत धरून भेटायची जागा दरवाजाच्या नावाने ठरवा. छताखाली मोबाइलवरचा नकाशा भरवशाचा नाही, आणि ‘त्या दिव्यांच्या दुकानापाशी’ असे म्हणून चालणार नाही. दिव्यांची दुकाने पावलोपावली आहेत.

सोन्याची गंमत मात्र थांबून बघण्यासारखी आहे. बाजाराच्या एका अरुंद गल्लीत सकाळपासून माणसे घोळक्याने उभी असतात, कानाला फोन, तोंडाने आकडे ओरडत. हा सोन्याचा आणि परकीय चलनाचा उघड्यावरचा सौदा. सोनार इथल्या भावाकडे कान लावून असतात. त्यामुळे दुकानात वजनाच्या भावावर घासाघीस करण्यात अर्थ नसतो; तो त्या दिवसाचा ठरलेला. बोलणी होतात ती घडणावळीवर. दागिना तराजूवर ठेवायला सांगा, ग्रॅमचा भाव आणि मजुरी वेगवेगळी विचारा. शिक्का 585 असेल तर सोने 14 कॅरटचे, 916 असेल तर 22 चे. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला 14 कॅरटचा पिवळा रंग फिका वाटतो, आणि तो असतोच.

इतर वस्तूंची घासाघीस मात्र जोरात चालते, आणि इथे मित्र कामी येतात किंवा काम बिघडवतात. बोलणारा एकच हवा. बाकीच्यांनी चेहरा कोरा ठेवायचा. ‘अगं, किती सुंदर आहे!’ हे मराठीत म्हटले तरी दुकानदाराला कळते. त्याला भाषा नको, सूर पुरतो. चहा येतो, कंबरेत बारीक काचेच्या पेल्यात, बिनदुधाचा. तो प्यायल्याने काही घेण्याचे बंधन पडत नाही. पण आपण तोंडाने भाव सांगितला आणि त्याने ‘दिला’ म्हटले, तर मागे फिरणे असभ्य समजतात. म्हणून घ्यायचे नसेल तर आकडा उच्चारायचा नाही. सकाळचे पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये असे तिथेही मानतात, भवानीचा भाव थोडा सैल मिळतो. भाव कधीकधी युरोत सांगतात. कार्ड देताना यंत्रावर लिरा की रुपये असा पर्याय आला तर लिरा निवडा, रुपयांत बदलण्याचा दर जवळजवळ नेहमी महाग पडतो.

मग बाजारातून बाहेर पडून महमूतपाशाचा उतार. मला सगळ्या वाटेत हाच तुकडा सर्वांत जिवंत वाटतो. लग्नाचे कपडे, सुंता समारंभासाठी मुलांचे राजपुत्रासारखे पोशाख, टॉवेल, चादरी, आणि खरेदीला आलेली स्थानिक कुटुंबे. इथे एकेक ओढणी वेगळी घेण्यापेक्षा मंडळींनी मिळून डझनभर घ्यावी. घाऊक दुकानात एक नग विचारला तर मान हलते, डझन विचारला तर कॅलक्युलेटर पुढे येतो. सामायिक पैसे एकाकडे ठेवले असतील तर ते इथे उपयोगी पडतात. वाटणी संध्याकाळी करावी, रस्त्यात नाही.

तळाशी मसाल्याचा बाजार आणि भोवतीच्या गल्ल्या. आतल्या मुख्य दालनात फिरून घ्या, खरेदी बाहेरच्या गल्लीत करा. तिथेच 1871 पासूनचे कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदींचे कॉफीचे दुकान आहे. रांग लांब पण भरभर सरकते. ‘तुर्की केशर’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या लाल-केशरी पाकळ्या बहुतेक वेळा करडईच्या फुलांच्या असतात, ते सोलापूर-मराठवाड्याच्या माणसाने तरी ओळखावे. खऱ्या केशराची काडी एका टोकाला तुतारीसारखी उमलते, कोमट पाण्यात रंग सावकाश सोडते आणि स्वतः लालच राहते. लोकुम म्हणजे तिथली साखर आणि पिठाच्या चिकाची मिठाई. ती आधी पॅक केलेली नको, समोर वड्या कापून वजन करून घ्या आणि हवाबंद करायला सांगा.

डाळिंबाचा काकवीसारखा आंबट-गोड रस घेतलात तर तो चेक-इनच्या बॅगेत जाऊ द्या, हातातल्या सामानात सुरक्षा तपासणीत काढून घेतात. मोठी खरेदी असेल तर दुकानातून करपरताव्याचा फॉर्म मागा. विमानतळावर त्यावर जकात खात्याचा शिक्का लागतो आणि अधिकारी वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून हे काम बॅगा काउंटरवर देण्याआधी.