संगणकातील प्राणिबाग : खेळ रंगतो कशाने?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझी आठवीतली भाची आमच्याकडे राहायला आली होती. माझ्या जुन्या संगणकावर 'झू टायकून' नावाचा खेळ होता. या खेळात आपण प्राणिबागेचे संचालक व्हायचे. हाताशी ठरावीक रक्कम असते. तिच्यातून कुंपणे घालायची, प्राणी विकत घ्यायचे, रखवालदार नेमायचे, खाण्यापिण्याचे ठेले उभारायचे आणि प्रेक्षकांच्या तिकिटांवर व देणग्यांवर बाग चालवायची. आमच्या बाईसाहेबांनी पहिल्याच दिवशी सिंह, हत्ती आणि ध्रुवीय अस्वल खरेदी केले. प्रेक्षक कमी येताहेत असे दिसताच तिकीट निम्मे केले. गर्दी उसळली तेव्हा ते दुप्पट केले. मग गर्दी ओसरली, म्हणून घाईघाईने प्राणी विकले. तिसऱ्या दिवशी तिजोरीत खडखडाट!

"मामा, हा खेळ लबाड आहे," ती रुसून म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दूध पिण्याआधीच ती पुन्हा संगणकापुढे बसलेली होती!

मित्रांनो, हरल्यावरही पुन्हा खेळावासा वाटणारा खेळ आणि दहा मिनिटांत कंटाळा आणणारा खेळ यांत फरक कोणता? चित्रे सुंदर असली म्हणजे खेळ चांगला, असे पुष्कळांना वाटते. पण या प्रश्नाचे खरे उत्तर चित्रांत नसून चित्रांमागील गणितात आहे. ते गणित तुमच्या घरातील शीतकपाटातही काम करीत असते.

आकड्यांची बाग

संगणकातील सिंह म्हणजे काय? पडद्यावर तो चालतो, आळस देतो. पण संगणकाच्या स्मृतीत तो केवळ काही आकड्यांचा गठ्ठा असतो : भूक इतकी, आरोग्य इतके, समाधान इतके. प्रेक्षकाचेही तसेच. त्याची भूक, तहान, थकवा आणि समाधान हे सगळे आकडेच. थोड्या थोड्या वेळाने संगणक हे आकडे ठरावीक नियमांनुसार बदलतो. उदाहरणार्थ, सिंहाच्या पायांखाली सव्हाना गवताळ प्रदेशाची जमीन असेल तर त्याचे समाधान वाढवायचे, बर्फ असेल तर घटवायचे. खऱ्या जगातील एखादी व्यवस्था अशी आकड्यांत व नियमांत मांडून ती संगणकात चालवून पाहणे, यालाच 'सदृशीकरण' म्हणतात.

ही कल्पना खेळांसाठी जन्मलेली नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जे फॉरेस्टर यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या 'अर्बन डायनॅमिक्स' या ग्रंथात शहरांची वाढ आणि घसरण अशाच समीकरणांनी मांडली होती. विल राइट यांनी आपल्या 'सिमसिटी' या १९८९ सालच्या खेळासाठी फॉरेस्टर यांच्या विचारांचा आधार घेतला. पुढे १९९९ मध्ये ख्रिस सॉयर यांचा 'रोलरकोस्टर टायकून' आला, २००१ मध्ये ब्लू फँग या कंपनीने तयार केलेला 'झू टायकून' आला, आणि २०१९ मध्ये इंग्लंडमधील फ्रंटियर कंपनीचा 'प्लॅनेट झू'. चित्रे पालटली, पण गाभा तोच राहिला.

दोन प्रकारची वर्तुळे

शीतकपाट आतून फार थंड झाले की त्याचे यंत्र बंद पडते. आतली हवा तापू लागली की ते पुन्हा सुरू होते. म्हणजे परिणाम फिरून कारणाकडे येतो आणि त्याला आवरतो. यास 'ऋण प्रत्याभरण' म्हणतात. याउलट, गणेशोत्सवाच्या मांडवात ध्वनिक्षेपक कर्ण्याच्या समोर आला तर काय होते? कर्ण्यातला बारीकसा आवाज ध्वनिक्षेपकात शिरतो, मोठा होऊन कर्ण्यातून बाहेर पडतो, पुन्हा आत शिरतो, आणि क्षणार्धात कानठळ्या बसविणारी शिट्टी ऐकू येते. येथे परिणाम फिरून येतो आणि कारणाला अधिक चिथावतो. हे 'धन प्रत्याभरण'.

आता प्राणिबागेकडे पाहा. पैसा आला की नवा प्राणी, नवा प्राणी आला की अधिक प्रेक्षक, आणि अधिक प्रेक्षक म्हणजे आणखी पैसा. हे झाले धन प्रत्याभरण. पण प्रेक्षक वाढले की ठेल्यांवर रांगा लागतात, बाके पुरत नाहीत, स्वच्छतागृहे अपुरी पडतात, लोक वैतागून घरी जातात. हे झाले ऋण प्रत्याभरण.

समजा खेळात फक्त पहिले वर्तुळ ठेवले. मग सुरुवातीला जो जिंकला तो जिंकतच जाईल आणि जो घसरला तो बुडेलच. फक्त दुसरे ठेवले, तर तुम्ही काहीही केले तरी बाग फिरून जागच्या जागी येईल. दोन्ही खेळ सारखेच कंटाळवाणे! खेळ रंगतो तो या दोन वर्तुळांची ओढाताण चालू असताना, आणि त्यांतील तोल आपल्या हाती असताना.

शिळ्या बातमीचा घोटाळा

मग माझ्या भाचीचा तोल गेला कशामुळे? एक कागद व पेन्सिल घ्या आणि पुढील प्रयोग करून पाहा.

समजा, एका बागेत महिन्याला २०० प्रेक्षक आले तर सारे ठीक चालते. सध्या १०० येतात. जेवढे कमी पडले तेवढे पुढच्या महिन्यात वाढवायचे आणि जेवढे जास्त झाले तेवढे कमी करायचे, असा संचालकाचा नियम आहे. १०० कमी आहेत, म्हणून तो १०० वाढवितो. पुढच्या महिन्यात २००. काम फत्ते!

आता एकच बदल करा. संचालकाच्या टेबलावर येणारा आकडा एक महिना जुना आहे असे समजा. पहिल्या आणि दुसऱ्या महिन्यात १०० प्रेक्षक आले. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी त्याला दिसतात पहिल्या महिन्याचे १००, म्हणून तो १०० वाढवितो. तिसऱ्या महिन्यात २००. पण आता त्याच्या हाती येतो दुसऱ्या महिन्याचा आकडा, म्हणजे १००. तो पुन्हा १०० वाढवितो! असे करीत गेल्यास महिन्यांचे आकडे असे येतात :

१००, १००, २००, ३००, ३००, २००, १००, १००, २००, ३००...

बाग लंबकासारखी झुलत राहते आणि कधीच स्थिरावत नाही. संचालक मूर्ख नाही आणि नियमही चुकीचा नाही. बातमी तेवढी शिळी आहे. लांबच्या बंबातून नळाला गरम पाणी येते त्या न्हाणीघरात हा अनुभव तुम्ही घेतला असेल. पाणी गार लागते म्हणून तोटी आणखी उघडावी, तरी गारच, म्हणून पुरती उघडावी, आणि मग एकदम चटका बसावा!

यावर उपाय कोणता? जेवढी तूट दिसते तिच्या निम्मीच भरून काढा. आता आकडे येतात : १००, १००, १५०, २००, २२५, २२५, २१२.५, २००... अर्धा प्रेक्षक पाहून हसू नका. झोके लहान होत चालले आहेत हे पाहा. थोडे कमी करणे आणि थोडे थांबणे, एवढ्यानेच बाग स्थिरावते. माझी भाची नेमकी याच्या उलट वागत होती. तिकिटाचा आदला बदल अंगी लागण्याआधीच ती पुढचा बदल करीत होती.

खेळ रचणाऱ्यांना ही अडचण ठाऊक असते. म्हणून 'झू टायकून'मध्ये कुंपणात झाड लावताच प्राण्याच्या डोक्यावर हिरवा हसरा किंवा लाल रुसका चेहरा उमटतो. प्रेक्षकावर टिचकी मारली तर त्याची भूक, तहान कळते. पैशाचा परिणाम सावकाश येतो, पण बातमी ताबडतोब मिळते. खेळ खेळण्याजोगा होण्याचे हे मोठे मर्म आहे. चूक करण्याची मुभा हवी, आणि ती कोठे झाली हे वेळीच कळायलाही हवे.

एका बागेत दोन घड्याळे

आणखी एक गंमत पाहा. सिंह वर्षांच्या हिशेबाने जगतो, तर प्रेक्षक मिनिटांच्या हिशेबाने चालतो. समजा, खेळातील एक महिना आपल्या दोन मिनिटांत उरकतो. ३० दिवसांची मिनिटे होतात ४३,२००. म्हणजे काळ २१,६०० पट वेगाने धावतो आहे. सेकंदाला १ मीटर चालणारा प्रेक्षक याच वेगाने चालविला, तर तो पडद्यावर सेकंदाला २१.६ किलोमीटर पळेल! पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे. आपला प्रेक्षक बाग सोडून थेट अंतराळात जायचा!

म्हणून या खेळांत दोन घड्याळे चालतात. तारीख वेगाने पळते, माणसे मात्र आपल्या डोळ्यांना पटेल अशा चालीने चालतात. परिणामी प्रेक्षक बागेत आल्यापासून सरबत पिईपर्यंत महिना उलटू शकतो. तर्काला हे मान्य नाही. पण हे केले नाही तर सिंहाच्या छाव्याला मोठे होताना पाहायला आपल्याला वर्षे लागतील.

गणकाची दमछाक

पडद्यावरील हालचाल सलग वाटावी म्हणून बहुधा सेकंदाला ६० चित्रे काढतात. म्हणजे एका चित्रासाठी वेळ मिळतो सुमारे १७ मिलिसेकंद. बागेत १,००० प्रेक्षक असून प्रत्येक जण इतर प्रत्येकाला धडकतो का हे पाहायचे ठरविले, तर ४,९९,५०० जोड्या तपासाव्या लागतात. प्रेक्षक दुप्पट केले तर जोड्या जवळजवळ चौपट! मग चित्रे अडखळू लागतात, आणि कितीही चांगला खेळ नकोसा होतो.

यावर युक्त्या आहेत. जमिनीचे चौकोन पाडून फक्त शेजारच्या चौकोनांतील लोक तपासायचे. प्रत्येकाने प्रत्येक क्षणी विचार न करता पाळीपाळीने करायचा. सॉयर यांनी 'रोलरकोस्टर टायकून' जवळजवळ संपूर्णपणे यंत्राच्या भाषेला अगदी निकट असलेल्या असेंब्ली भाषेत लिहिला, तो वेग साधण्यासाठीच. फ्रंटियर कंपनीने 'प्लॅनेट कोस्टर' या २०१६ सालच्या खेळात गर्दीची वाट द्रवाच्या प्रवाहासारखी मोजण्याची पद्धत वापरली. माणसांची गर्दी आणि पन्हळीतील पाणी यांचे गणित असे जवळ येते.

जे खेळात मावत नाही

मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियातून हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्यांच्यासाठी खास थंड केलेले काचेचे दालन उभारले. 'प्लॅनेट झू'मध्येही तापमान सांभाळावे लागते, त्यासाठी शीतक यंत्रे बसवावी लागतात. इथवर खेळ आणि वास्तव हातात हात घालून चालतात. पण खऱ्या पेंग्विनच्या डोक्यावर हिरवा चेहरा उमटत नाही. खऱ्या बागेत प्राणी सुखी आहे की नाही हे ओळखण्यासाठी त्याच्या वागण्याची महिनोन्‌महिने नोंद ठेवावी लागते, विष्ठेतील ताणाची संप्रेरके मोजावी लागतात. तेथे बातमी नेहमीच उशिरा येते.

रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधिकांनी २००३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक निष्कर्ष मांडला. निसर्गात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर फार मोठ्या प्रदेशात असतो, ते पिंजऱ्यात अधिक येरझाऱ्या घालतात आणि त्यांची पिल्लेही अधिक दगावतात. ध्रुवीय अस्वलाला प्राणिबागेत मिळणारी जागा त्याच्या नैसर्गिक वावराच्या प्रदेशाच्या साधारण दहा लाखांश असते. 'झू टायकून'मधील अस्वल बर्फाचे चौकोन, खडक आणि पाणी मिळाले की खूश होते, कारण नियम लिहिणाऱ्याने तसे लिहिले आहे. खेळ लबाड नाही. पण तो आपल्या नियमांपलीकडचे काही सांगत नाही. दहा लाखांशाचा नियम जसाच्या तसा घातला, तर त्या खेळात अस्वल सुखी करणे कुणालाच जमणार नाही. खेळ खेळण्याजोगा व्हावा म्हणून कोणती गोष्ट वगळली, हे विचारण्याची सवय ठेवा. हवामानाचे असो की रोगाच्या साथीचे, संगणकाने वर्तविलेल्या कोणत्याही भाकितापुढे हा प्रश्न कामी येतो.

माझ्या भाचीने दुसऱ्या खेपेस एकाच प्राण्यापासून सुरुवात केली. एका वेळी एकच बदल केला आणि त्याचा परिणाम दिसेपर्यंत हात आवरला. सुटी संपली तेव्हा तिची बाग फायद्यात होती. मात्र अस्वल तिने पुन्हा घेतले नाही.

आता तुमच्यासाठी एक गणित. वरील प्रयोगात संचालकाला दिसणारा आकडा एकाऐवजी दोन महिने जुना आहे असे धरा. पहिले तीन महिने १०० प्रेक्षक घ्या आणि पूर्ण तूट भरून काढण्याचाच नियम ठेवा. दहाव्या महिन्यापर्यंत आकडे मांडा. तुमच्या बागेत काहीतरी अशक्य घडलेले दिसेल. मग तूट किती भागाने भरली म्हणजे बाग वाचेल, तेही शोधून पाहा.