चापावरचं झाकण

पलंगावर जुनी गोधडी पसरली होती आणि तिच्यावर रिकामं पिस्तूल. गोळ्यांचा डबा मी मुद्दाम खालच्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवून आले होते. मॅगझिन काढलं. स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये आधी डोळ्यांनी पाहिलं, मग करंगळी घालून चाचपलं. खात्री झाल्यावर अठरा डॉलरचं कोरं होल्स्टर कमरेला लावलं, पिस्तूल आत सरकवलं आणि बाहेरून, कापडावरूनच, अंगठ्याने दाबून पाहिलं. ‘टक्’ असा आवाज झाला. चाप ओढला गेला होता.

मी तशीच उभी राहिले. चेंबरमध्ये गोळी असती तर ती माझ्या मांडीतून गेली असती.

आमचं औषधांचं दुकान ह्यूस्टनच्या एका उपनगरात आहे. रात्री नऊला बंद होतं. शेवटचा अर्धा तास मी आणि एक मदतनीस मुलगी, दोघीच असतो. वेदनाशामक गोळ्यांसाठी या देशात औषधांच्या दुकानांवर दरोडे पडतात, आणि आमच्याही दाराची काच एकदा फोडून झाली आहे. नोकरीच्या व्हिसावर होते तोवर पिस्तुलाचा विचार करण्याचा प्रश्नच नव्हता. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, इथला संघीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. नागरिकत्व मिळालं, त्यानंतरही घरात वर्षभर चर्चा चालली. साताऱ्याहून आई फोनवर एकच विचारायची, “अगं, ते अंगावर घेऊन तू वावरणार कशी?” त्या वेळी मला तिचा प्रश्न भाबडा वाटला होता. आता वाटतं, नेमका प्रश्न फक्त तिनेच विचारला होता.

टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून, ज्याला बंदूक बाळगण्याची कायद्याने मनाई नाही अशा 21 वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल जवळ ठेवून फिरायला परवाना लागत नाही. तरी मी तो काढला. 40 डॉलर फी, वर्ग, लेखी परीक्षा आणि 50 गोळ्यांची नेमबाजी, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. कुठे नेता येतं, कुठे नाही, दारावरची कुठली पाटी दिसली की मागे फिरायचं, हे सगळं त्यात तासन्‌तास शिकवतात. होल्स्टरबद्दल कायदा म्हणतो ते एवढंच, की पिस्तूल उघड दिसत असेल तर ते होल्स्टरमध्ये असलं पाहिजे. ते होल्स्टर कसलं असावं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आणि ठरवायला लागलं की माणूस आधी किंमत बघतो. मीही तेच केलं. पिस्तुलावर पाचशेच्या आसपास गेले होते. तिजोरी, सरावाच्या गोळ्या, वर्गाची फी वेगळीच. होल्स्टर म्हणजे शेवटी पिस्तूल ठेवायची पिशवी, असं डोक्यात होतं. बंदुकांच्या दुकानात एका खोक्यात काळ्या नायलॉनची होल्स्टरं ढिगाने पडलेली होती आणि वर लिहिलं होतं, सगळ्या लहान पिस्तुलांना बसतात. सगळ्यांना बसणारी वस्तू कुणालाच नीट बसत नाही, हे चपला घेताना मला कळतं. इथे कळलं नाही.

माझं पिस्तूल ग्लॉक 43 एक्स. 2019 मध्ये आलेलं, अंगाने बारीक, दहा गोळ्यांचं. त्याला बाहेरून सरकवायची वेगळी कळ नाही. चापाच्या मधोमध एक छोटी पाती असते. बोट चापावर नीट बसलं की ती दबते आणि चाप मोकळा होतो. मग सुमारे अडीच किलोचा दाब आणि जेमतेम अर्धा इंच प्रवास, की गोळी सुटते. पिस्तूल हातातून पडलं तर उडू नये याची सोय आतल्या यंत्रणेत आहे. पण चापावर दाब बोटाचा आहे, सदऱ्याच्या घडीचा आहे की जाकिटाच्या दोरीच्या टोकाला असलेल्या प्लास्टिकच्या मण्याचा, हे यंत्राला कळत नाही. कमरेला असताना चाप आणि बाकी जग यांच्यामध्ये असतं ते होल्स्टर.

नेमबाजी शिकवणाऱ्या बाई पूर्वी पोलिसात होत्या. त्यांनी माझं नायलॉनचं होल्स्टर हातात घेतलं, दोन बोटांनी त्याचं तोंड चिमटलं आणि सोडलं. तोंड मिटलेलंच राहिलं. “आता यात एका हाताने पिस्तूल घालून दाखव,” म्हणाल्या. घालता येईना. तोंड उघडायला दुसरा हात लागणार आणि तो हात नळीच्या पुढे येणार. मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं: अपघात पिस्तूल बाहेर काढताना होतात त्याहून जास्त ते परत ठेवताना होतात. काढताना माणूस सावध असतो. ठेवताना त्याला वाटतं, काम झालं. बोट चापावरच राहून गेलेलं असतं, किंवा कपड्याचा कोपरा पिस्तुलाबरोबर आत जातो. त्यांनी जाकिटाच्या दोरीचं उदाहरण दिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सलवारीची नाडी आली. रविवारी महाराष्ट्र मंडळात मी सलवार-कुडताच घालून जाते. त्या दिवशी पिस्तूल तिजोरीत राहतं, हे तेव्हाच ठरवून टाकलं.

बायकांसाठी हा विषय आणखी अवघड आहे आणि दुकानदार त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. इथे कमरेवरच्या जागा घड्याळाच्या आकड्यांनी सांगतात. बेंबी म्हणजे बारा, उजवं कुल्लं म्हणजे तीन. पुरुष शिकवणारा असला की बहुधा चारवर ठेवा म्हणतो. माझं धड आखूड, कुल्ले रुंद. चारवर लावलं की खालचा भाग बाहेर ढकलला जातो आणि मूठ बरगड्यांत घुसते. औषधांची खोकी उचलायला वाकलं की मागून कुडत्यावर उंचवटा दिसतो. एकच्या आसपास, पोटाच्या उजव्या बाजूला, मला नीट बसलं. पण तिथे नळीचं तोंड मांडीच्या मुळाशी येतं, म्हणून परत ठेवण्याची शिस्त जास्त कडक लागते.

पर्समध्ये ठेवावं असं मनात येऊन गेलं होतं. पर्सला वेगळा कप्पा, कप्प्याला चेन, अशा खास पिशव्याही मिळतात. डिसेंबर 2014 मध्ये आयडाहो राज्यातल्या हेडन गावात एक तरुण आई दुकानात खरेदी करत होती. दोन वर्षांचा मुलगा सामानाच्या ढकलगाडीत बसलेला, शेजारी पर्स. त्याने कप्प्यातून पिस्तूल काढलं, आणि ती आई तिथेच गेली. पर्स आपण खाली ठेवतो, खुर्चीला अडकवतो, दुसऱ्याच्या हाती देतो. माझी भाची पाच वर्षांची आहे आणि माझ्या पर्समध्ये चॉकलेट असतं हे तिला माहीत आहे. त्यापुढे मी विचारच केला नाही.

दुसरं होल्स्टर बत्तीस डॉलरचं घेतलं. साच्यात ओतलेलं कडक प्लास्टिक, माझ्याच पिस्तुलाच्या आकाराचं, चाप पूर्ण झाकणारं. खरं तर वाईट नव्हतं. त्याची क्लिप मात्र कमकुवत निघाली. घरी सराव करताना पिस्तूल ओढलं तर होल्स्टरच पट्ट्यावरून सुटून त्याच्याबरोबर हातात आलं. क्लिपला खालच्या बाजूने पट्ट्याखाली अडकणारा आकडा हवा आणि पट्टा ताठ हवा. नेहमीचा मऊ पट्टा पिस्तुलाच्या वजनाने लोंबतो, मग उत्तम होल्स्टरसुद्धा डुलतं. दीड इंच रुंदीचा ताठ पट्टा चाळीस डॉलरला मिळाला, आणि कपाटातल्या निम्म्या पँटींच्या लुप्यांतून तो जाईना. हा खर्च होल्स्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो.

शेवटी बाईंनी एका कारागिराचा पत्ता दिला. घरामागच्या गॅरेजमध्ये एकटाच काम करणारा माणूस. भिंतीवर निळ्या रबराची पिस्तुलं ओळीने टांगलेली, खऱ्याच्या हुबेहूब मापाची, साच्यासाठी. कोपऱ्यात कमावलेल्या कातड्याचे तुकडेही होते. त्यांचा वास आला आणि मला एकदम कोल्हापूरची चप्पल गल्ली आठवली. झाडाच्या साली-फळांनी कमावलेलं कातडं, तिकडे बाभूळ आणि हिरडा, तीच जात. ओलं करून पिस्तुलावर दाबून आकार देतात. अंगाला प्लास्टिकपेक्षा कितीतरी सुखाचं लागतं. पण या माणसाने मला त्याचंच जुनं, आठ वर्षं वापरलेलं कातडी होल्स्टर दाखवलं. घामाने आणि वापराने तोंडाची कड मऊ पडून आत दुमडली होती. ती दुमड बरोबर चापाभोवतीच्या कडीत शिरते. चांगल्या कातड्याच्या तोंडाला आतून धातूची पट्टी किंवा जादा थर शिवलेला असतो, म्हणून ते महाग. स्वस्त कातडं घेऊ नका, म्हणाला. कातडं विकणारा माणूस हे सांगतो, तेव्हा ऐकावं.

माझं होल्स्टर कायडेक्सचं करायचं ठरलं. हे प्लास्टिक 1965 च्या सुमारास आलं, विमानांच्या आतल्या भागांसाठी. कारागिराने त्याचा दोन मिलिमीटर जाडीचा काळा पत्रा कापला आणि भट्टीत ठेवला, दीडशे अंशांच्या वर. काही मिनिटांत तो ताठ पत्रा ओल्या पापडासारखा लोळागोळा झाला. तोवर निळ्या पिस्तुलावर त्याने लाकडाची बारीक कांडी चिकटवली होती, नेम धरायची पुढची माशी काढता-घालताना अडकू नये, तिला वाट राहावी म्हणून. हातमोजे घालून पत्रा उचलला, पिस्तुलावर टाकला, वर-खाली जाड फोम आणि फळ्या, आणि शिकंजा आवळला. सगळं दहा सेकंदांत, नाहीतर पत्रा गार होतो. नंतर दोघेही गप्प उभे. पाच-सात मिनिटांनी उघडलं तेव्हा पत्र्यावर पिस्तुलाची प्रत्येक कड उमटलेली होती.

मग करवत, मग पट्ट्याची घासणी. कड घासताना तो दर थोड्या वेळाने थांबून अंगठा फिरवत होता. “पोटाला लागणारी बाजू,” म्हणाला. चापाच्या कडीजवळ मात्र त्याने न कापता भरपूर जागा सोडली. तिथे एक रेघभरही कमी चालत नाही. भोकं पाडून दोन जोडस्क्रू बसवले, मध्ये रबराच्या चकत्या. स्क्रू आवळला की रबर दबतं आणि पकड घट्ट होते. माझं पिस्तूल, रिकामं, दोघांनी दोनदा तपासलेलं, आत घातलं. चापाची कडी खोबणीत बसल्याचा आवाज आला. होल्स्टर उलटं करून जोरात हलवलं. पडलं नाही. मग त्याने ते माझ्या हातात दिलं आणि बाहेरून चापाच्या जागी दाब म्हणाला. मी दोन्ही अंगठ्यांनी जीव खाऊन दाबलं. काही हललं नाही.

पासष्ट डॉलर झाले. मूठ पोटाकडे वळवणारा पंजा आणि मागे लावायची फोमची पाचर यांचे वेगळे वीस सांगितले. पाचर मी घरी योगासनांच्या जुन्या चटईचा तुकडा कापून चिकटवली, आणि ती छान चालते. पिस्तुलाखाली दिवा लावणार असशील तर आत्ताच सांग, असंही त्याने आधी बजावलं होतं, कारण दिवा लावला की आकार बदलतो आणि हे होल्स्टर फुकट जातं. मला दिवा नको होता. पैसे वाचवायच्या जागा या अशा आहेत, आणि त्या बऱ्याच आहेत. रंग नको, नक्षी नको, कंपनीचं नाव नको. ग्लॉक 43 आणि 43 एक्सचा फरक मुठीच्या लांबीचा, वरचा भाग सारखाच, म्हणून एकाचं होल्स्टर सहसा दुसऱ्याला चालतं. जुन्या मॉडेलचा माल पडेल भावात मिळतो. कड चिरली नसेल तर वापरलेलंही घ्यावं. इथे पिस्तूलवाल्या प्रत्येक घरात न बसलेल्या होल्स्टरांचा एक खण असतोच.

दोन आठवडे मी ते रिकाम्या पिस्तुलासह घरातच वापरलं. भांडी घासली, गाडीत चढले-उतरले, जमिनीवर बसून भाजी निवडली. एकदा स्क्रू सैल झाला, तेव्हा मळसूत्र धरून ठेवणाऱ्या डिंकाचा थेंब टाकला; आता दर रविवारी पेचकस लावून बघते. आणि पिस्तूल कमरेला असताना परत आत ठेवायची वेळच येऊ देत नाही. सकाळी होल्स्टर बाहेर असतानाच पिस्तूल त्यात बसवायचं, मग सगळं एकत्र कमरेत खोचायचं, क्लिप लावायची. रात्री तसंच, एकत्र काढून तिजोरीत. कमरेला असताना चाप एकदाही उघडा पडत नाही.

मागच्या महिन्यात दुकानातल्या मदतनीस मुलीने विचारलं, तुमच्याकडे एखादं जुनं होल्स्टर पडलंय का? तिच्याकडे ग्लॉक 43 आहे. बत्तीस डॉलरचं तिला दिलं, क्लिप आधी बदलून घे असं बजावून. नायलॉनचंही खणात होतं आणि ते तिला दिसलं. “हे पण चालेल की,” म्हणाली, “माझ्या भावाला.” मी ते घरी आणलं, शिवणाची मोठी कात्री घेतली, आधी तोंड कापलं, मग क्लिप, मग मधून उभं, आणि तुकडे कचऱ्यात टाकले.